‘चायना आहे, गॅरंटी नाही’: पुण्यात नव्याने बिऱ्हाड मांडताना काय, कुठलं आणि कुठून घ्यावं

जून लागला की माझ्या दुकानात नवे चेहरे येऊ लागतात. कुणी लातूरहून कॉलेजला आलेलं, कुणी जळगावहून येऊन हिंजवडीत नोकरीला लागलेलं. हातात पिशवी आणि पिशवीत महिन्याभरापूर्वी घेतलेली, आता बंद पडलेली वस्तू. केटल, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, छोटा मिक्सर. मी ती उघडून बघतो आणि बऱ्याचदा सांगावं लागतं, ‘बाळा, याचा पार्ट येत नाही.’ समोरच्याचा चेहरा उतरतो. घरून आलेले किंवा पहिल्या पगारातले पैसे गेलेले असतात. विकणाऱ्याने घेतानाच सांगितलेलं असतं, ‘चायना आहे, गॅरंटी नाही.’ ते ऐकूनही आपण घेतो, कारण शेजारच्या वस्तूची किंमत दुप्पट असते आणि महिनाअखेर जवळ आलेली असते.

नारायण पेठेत आमचं घरगुती उपकरणं दुरुस्त करायचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी २५ वर्षं त्यात बसतोय. नव्याने पुण्यात येणाऱ्यांना मी काउंटरवर तुकड्यातुकड्याने जे सांगत असतो, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

‘काका, चायनाचं घेऊच नये ना?’ हा प्रश्न रोज येतो. त्याचं उत्तर मला दोन वस्तूंनी शिकवलं.

माझी भाची नांदेडहून शिकायला आली आणि कर्वेनगरला तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. पहिल्याच आठवड्यात रस्त्यावरून एक एक्स्टेन्शन बोर्ड घेतला. थंडी पडल्यावर त्याच बोर्डाला पाणी तापवायचा रॉड लावला. बोर्ड वितळला, भिंत काळी झाली. मुली बाहेरच्या खोलीत होत्या म्हणून निभावलं. तो बोर्ड मी दुकानात आणून उघडला. वायर बाहेरून करंगळीएवढी जाड, पण आत केसासारख्या बारीक मोजक्याच तारा. दिसायला तांब्याच्या, नखाने खरवडल्यावर आतून पांढऱ्या, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. पिन धरून ठेवणाऱ्या पट्ट्या पितळेच्या नव्हत्या, पत्र्याच्या होत्या. आणि सॉकेटमधलं वरचं मोठं भोक, अर्थिंगचं, त्याच्या मागे काहीच नव्हतं. ना पट्टी, ना वायर, नुसतं भोक. बोर्डावर ठळक अक्षरांत ‘मेड इन इंडिया’ छापलेलं होतं. बनवणाऱ्याचं नाव कुठेही नव्हतं.

त्याच हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाची बाहेरून आयात झालेली केटल आली. तिच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, भिवंडीचा पत्ता आणि फोन नंबर होता. फोन केला, बिलाचा फोटो पाठवला, दोन आठवड्यांत बदली केटल घरी आली.

तेव्हापासून मी वस्तूचा देश विचारण्याआधी तिचं नाव-गाव विचारतो. ती कुणी बनवली, कुणी आणली, बिघडली तर कुणाचं दार ठोठवायचं? हे ज्या वस्तूवर लिहिलेलं नाही ती फुकट मिळाली तरी महाग पडते. आणि दोन्ही बाजूंना नाव-गाव असेल, दर्जा तोलामोलाचा असेल, तर मी दोन पैसे जास्त देऊन इथे बनलेलीच वस्तू घेतो. तिचा पार्ट मला पेठेत चालत जाऊन मिळतो, आणि ती घडवणाऱ्याची चूल माझ्याच मुलखात पेटते. हे मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

पहिली पायरी: बाजारात जायच्या आधी यादी करा, आणि तिचे भाग पाडा

एका कागदावर लागणाऱ्या सगळ्या वस्तू लिहा. मग ज्या वस्तू विजेला लागतात, आचेवर चढतात किंवा ज्यांतून आपण खातो-पितो, त्यांच्याखाली लाल रेघ मारा. एक्स्टेन्शन बोर्ड, चार्जर, रॉड, इस्त्री, कुकर, गॅसची नळी, तवा, पाण्याची बाटली. या ओळींमध्ये स्वस्त शोधायचं नाही. पैसे कमी पडत असतील तर वस्तू महिनाभर पुढे ढकला किंवा घरून जुनी आणा. आईचा १५ वर्षांचा कुकर नव्या बेनामी कुकरपेक्षा कधीही बरा, नवी रिंग घातली की पुन्हा १० वर्षं चालेल.

उरलेल्या वस्तूंत बादली, चादर, टॉवेल, पायपुसणं, कपडे वाळत घालायचा स्टँड असं रोजचं सामान येतं. इथे देशी माल भरपूर आहे आणि तो महागही नाही. मोबाइलचं कव्हर, भिंतीला चिकटणारे हुक, शोभेच्या वस्तू, प्रवासातली छोटी कुलुपं, असलं काही आयात केलेलं स्वस्तात मिळालं तर खुशाल घ्या. मोडलं तर कुणाला इजा होत नाही.

यादी करतानाच घरमालकांना एक प्रश्न विचारा: १६ ॲम्पिअरचा पॉइंट कुठे आहे? भिंतीवरचा नेहमीचा छोटा सॉकेट ६ ॲम्पिअरचा असतो. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. म्हणजे त्या सॉकेटवर जेमतेम १,३८० वॉट चालवता येतात. पाणी तापवायचा साधा रॉड १,५०० वॉटचा असतो, तो साडेसहा ॲम्पिअर ओढतो. इंडक्शनची शेगडी २,००० वॉटची असेल तर पावणेनऊ. बोर्ड कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी ६ ॲम्पिअरचा असेल तर त्यावर रॉड, शेगडी, गिझर लावू नका. भाचीच्या बोर्डात खोट होतीच, पण चांगला बोर्डही त्या रॉडखाली तापलाच असता.

दुसरी पायरी: खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा

दुकानात उभं राहून खोकं उलटंपालटं करायला लाजू नका. वैधमापन कायद्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पॅकबंद मालावर काय काय छापायचं ते ठरलेलं आहे: वस्तूचं नाव, संख्या किंवा वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल. माल आयात केलेला असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि वस्तू कोणत्या देशात बनली तेही हवं. बहुधा हे सगळं मागून चिकटवलेल्या एका पांढऱ्या स्टिकरवर असतं. तो स्टिकर नसेल आणि खोक्यावर नुसती चिनी अक्षरं असतील, तर ती वस्तू आणणारा कुणीतरी आपलं नाव लपवतो आहे. तिथेच खोकं खाली ठेवा.

पत्ता वाचताना तो पुरा आहे का बघा. इमारत, रस्ता, पिनकोड. काही खोक्यांवर नुसतं ‘मार्केटेड बाय’ आणि एक भारदस्त नाव असतं, पुढे गावाचं नाव. त्याला मी नाव-गाव म्हणत नाही. फोन नंबर असेल तर दुकानातूनच एकदा लावून बघा. उचलला जातो का, एवढं कळलं तरी पुरे.

बारकोडबद्दल मुलं मला हमखास सांगतात की ८९० ने सुरू झाला की माल भारतीय आणि ६९० ते ६९९ असला की चिनी. हे अर्धवट आहे. त्या आकड्यांवरून बारकोडची नोंदणी कोणत्या देशातल्या संस्थेकडे झाली एवढंच कळतं. इथली कंपनी बाहेरून माल आणून त्यावर ८९० चा बारकोड लावू शकते. देश बघायचा तो छापलेल्या ओळीत.

नावावरूनही फसू नका. पुण्याहून नगर रस्त्याने तासा-दीड तासावर रांजणगावची एमआयडीसी आहे. तिथे एलजी, व्हर्लपूल आणि हायर या तिघांचेही कारखाने आहेत. एक कोरियन, एक अमेरिकन, एक चिनी नाव, आणि त्या कारखान्यांत राबतात ती शिरूर-पारनेरकडची पोरंही. उलट, अगदी घरगुती मराठी वाटावं असं नाव लावलेला मिक्सर खोक्याच्या तळाशी परदेशी निघालेला मी पाहिला आहे. सगळे सुटे भाग बाहेरून आणून इथे नुसते जोडलेलेही असतात. म्हणून ‘देशी’ हा शब्द जाहिरातीतून उचलू नका, स्टिकरवरून उचला.

तिसरी पायरी: मार्क बघा, आणि तो खरा आहे का तेही बघा

आयएसआयचा शिक्का सगळ्यांना माहीत असतो, पण तो वाचायचा कसा हे थोड्यांनाच ठाऊक असतं. चौकटीच्या वर मानकाचा क्रमांक असतो. कुकर असेल तर आयएस २३४७, पिन-सॉकेट असेल तर आयएस १२९३, वायर असेल तर आयएस ६९४, गॅसच्या शेगडीसाठी आयएस ४२४६, हेल्मेटसाठी आयएस ४१५१. चौकटीच्या खाली ‘सीएम/एल’ आणि पुढे परवान्याचा आकडा. वरचा आणि खालचा दोन्ही आकडे नसतील, नुसतं आयएसआय लिहिलेलं असेल, तर तो शिक्का छापखान्यातला समजा. कुकरला हा मार्क १ फेब्रुवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. तो नसलेला कुकर विकणं बेकायदा आहे, मग तो कुठल्याही देशात बनलेला असो.

चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब, लॅपटॉपचा अडॅप्टर यांच्यावर वेगळी खूण असते: ‘आर’ अक्षर आणि पुढे ८ आकडे. हे मार्क देते ती सरकारी संस्था म्हणजे बीआयएस, भारतीय मानक ब्यूरो. फोनवर तिचं ‘बीआयएस केअर’ नावाचं ॲप उतरवून घ्या. फुकट आहे. त्यात सीएम/एल किंवा आर नंबर टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे, कोणत्या वस्तूसाठी आहे, चालू आहे की संपलाय ते लगेच कळतं. मी स्वतः एका चार्जरवरचा नंबर टाकला तेव्हा तो बल्ब बनवणाऱ्या भलत्याच कंपनीचा निघाला होता. दुकानात उभ्या उभ्या मिनिटभराचं काम आहे, आणि शहाणा दुकानदार याचा राग मानत नाही.

काही जण ‘सीई’ ही अक्षरं दाखवून ‘सर्टिफाइड आहे’ म्हणतात. सीई ही युरोपच्या बाजारासाठीची खूण आहे, आणि पुष्कळ वस्तूंवर ती बनवणारा स्वतःच्याच जबाबदारीवर लावतो. आपल्याकडच्या मार्कची जागा ती घेत नाही.

घरात लहान मूल असेल तर खेळण्यांचंही ऐका. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. २०२० मध्ये आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर नेलं. त्यामुळे दुकानांत भारतीय खेळणी आता खूप दिसतात. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेच्या खेळण्यांना या मार्कमधून सूट आहे. त्यामुळे लाकडी भोवऱ्यावर शिक्का नसला तर दचकू नका, रंग ओल्या फडक्याला लागतो का ते बघा. ज्या खेळण्यात बटणासारखी चपटी बॅटरी आहे आणि तिचं झाकण स्क्रूने बंद होत नाही, ते खेळणं मात्र घरात आणूच नका, कुठल्याही देशाचं असो. मुलाने ती बॅटरी गिळली तर आतून भाजते.

चौथी पायरी: कोणत्या वस्तूला कोणती आळी

पुण्याचा जुना बाजार पेठांमध्ये आळीआळीने वाटलेला आहे, आणि हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. एका मॉलमध्ये सगळं उरकायच्या नादात तो दुप्पट पैसे मोजतो.

विजेच्या सामानासाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. वायर, बटणं, होल्डर, बल्ब, पंखे, सगळं. इथे एकाच काउंटरवर मार्क असलेला बोर्ड आणि बेनामी बोर्ड शेजारी शेजारी मिळतात. दुकानदाराला पहिल्या वाक्यातच सांगा, ‘आयएसआयचा द्या, पक्कं बिल हवंय.’ एवढं म्हटलं की तो खालच्या खणातला माल काढतच नाही. पंखा घेणार असाल तर बीईई या सरकारी संस्थेचे वीजबचतीचे तारे बघा. छताच्या पंख्यांना ते २०२३ पासून सक्तीचे आहेत. जुना साधा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर महिन्याला १५-१६ युनिट वाचतात.

दिवाळीच्या माळा, आकाशकंदिलाचं सामान, पॅकिंग, रंग, हार्डवेअर यासाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. माळ घेताना वायर बोटांत धरून वाकवा. सुतळीसारखी पातळ, पुन्हा पुन्हा मुडपणारी असेल तर गॅलरीत, पावसात, पडद्याजवळ लावू नका. पणत्या मात्र कुंभारवाड्यातूनच आणा. मातीच्या पणतीला बाहेरून आलेली मेणाची पणती कशी हरवील?

तुळशीबागेत जाताना मंडईच्या अलीकडे हुतात्मा बाबू गेनू चौक लागतो. बाबू गेनू आपल्याच जिल्ह्यातले, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याच ट्रकखाली त्यांनी प्राण दिले. त्या चौकातून पिशवी घेऊन जाताना मला दर वेळी वाटतं की, आपल्याला तर कुणी जिवाची किंमत मागत नाही, नुसतं खोकं उलटं करून वाचायला सांगतं आहे. पुण्याने हा प्रश्न फार आधीपासून हातात घेतलेला आहे. १९०५ मध्ये इथे परदेशी कपड्यांची होळी झाली, आणि लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने तळेगावला काचेचा कारखाना काढला. होळीने राग दिसला. काचेच्या भट्टीने वस्तू दिली, आणि माझ्यासारख्या हाताने काम करणाऱ्याला ती भट्टी जास्त जवळची वाटते.

तुळशीबागेत स्टीलची, पितळेची भांडी, पोळपाट-लाटणं, किसणी, झारे, भातुकली, सगळं मिळतं. स्टीलच्या भांड्यांना लोहचुंबक लावून बघायची पद्धत आहे, ‘चिकटलं नाही म्हणजे चांगलं स्टील.’ हा समज सोडून द्या. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं ३०४ नंबरचं चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाही हे खरं. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं २०० मालिकेतलं स्वस्त स्टीलही चिकटत नाही, आणि मिठाच्या-आंबटाच्या सहवासात तेच आधी डागाळतं. म्हणून भांड्यावर ग्रेड आणि बनवणाऱ्याचं नाव ठसवलेलं आहे का बघा, काठ बोटाने चाचपून बघा, तळ जाड आहे का बघा. चुंबक खिशात ठेवा तो इंडक्शनवरच्या भांड्यासाठी. तिथे तळ चिकटायलाच हवा, नाहीतर भांडं तापणार नाही.

आता तांबट आळी. कसबा पेठेतली ही आळी पेशव्यांच्या काळापासूनची, आणि इथे आजही दिवसभर हातोडीचे ठोके ऐकू येतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा ‘कॉपर’ तांब्या आणि इथला तांब्या दोन्ही एकदा हातात घ्या. पहिला बऱ्याचदा पत्रा असतो, वर नुसता रंग किंवा पातळ मुलामा. घासला की काठाशी पांढुरका दिसतो, आणि आत लोखंड असेल तर चुंबकाला चिकटतो. आळीतलं भांडं तागडीत टाकून वजनावर देतात आणि त्यावर मजुरी. भाव धातूच्या त्या दिवसाच्या दरावर चालतो, त्यामुळे घासाघीस करायला फार जागा नसते. करूही नये. कारागीर भांडं लोखंडी खुंट्यावर चढवतो आणि एका लयीत फिरवत फिरवत ठोके घालतो. याला मठारकाम म्हणतात. ठोक्याठोक्याने पत्रा घट्ट होतो, त्याला चकाकी येते. जवळून बघितलं तर ठोके एका रांगेत असले तरी प्रत्येक ठोका जरासा वेगळा असतो. यंत्रातून आलेल्या भांड्यावर ते तंतोतंत सारखे असतात.

तांब्याचं भांडं घेतलंत तर पाण्यासाठीच वापरा. ताक, चिंच, लिंबू, लोणचं त्यात ठेवू नका. स्वयंपाकासाठी तांबं किंवा पितळ हवं असेल तर आतून कल्हई हवी. माझ्या आईचं पितळी पातेलं मी दर वर्षी कल्हईला नेतो. कल्हईवाला ते भट्टीवर लालसर तापवतो, आत नवसागर टाकतो, भसकन पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने ती आतून फिरवतो. काळपट पातेलं डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. ५० वर्षांचं पातेलं आहे, आणि अजून त्याला सांभाळणारा माणूस चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

अंथरूण-पांघरुणाला लक्ष्मी रस्ता. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अस्सल चादरीची नक्षी छापलेली नसते, विणलेली असते, आणि पालथ्या बाजूला तीच नक्षी उलट्या रंगांत दिसते. एवढी एक खूण लक्षात ठेवा. मऊमऊ परदेशी ब्लँकेट पहिल्या थंडीत छान वाटतं, पण सोलापुरी चादर होस्टेलच्या धुण्याला वर्षानुवर्षं पुरते. डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, तिथे बचत गटांच्या बायकांकडून घोंगड्या, गोधड्या, पाटे-वरवंटे, मसाले थेट मिळतात.

पाचवी पायरी: हातात घ्या, चालवा, प्रश्न विचारा

मिक्सर उचलून बघा. तांब्याच्या वाइंडिंगची, म्हणजे आत तांब्याची तार गुंडाळलेली मोटर जड असते, ॲल्युमिनियमच्या वाइंडिंगची हलकी. हलकी मोटर लवकर तापते, आणि ओलं खोबरं किंवा भिजवलेली डाळ घातली की वास मारायला लागते. दुकानदाराला थेट विचारा, ‘वाइंडिंग तांब्याची आहे का? बिलावर लिहून द्याल का?’ मग हे विचारा: कार्बन ब्रश, मोटरला भांड्याशी जोडणारा कपलर आणि भांड्याचं पातं सुटं मिळतं का? मिक्सरमध्ये झिजतात ते हेच तीन भाग. इथल्या कंपन्यांचे हे भाग पुण्यातल्या कुठल्याही पेठेत किरकोळीत मिळतात. आयात केलेल्या छोट्या मिक्सरचा कपलर तुटला की चांगली मोटर भंगारात जाते, आणि ते बघताना मला अजूनही वाईट वाटतं.

कुकरच्या झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे एक छोटीशी बुच. त्यात कमी तापमानाला वितळणारा धातू भरलेला असतो. पाणी संपून कुकर जास्त तापला की तो वितळतो आणि वाफ सुटते. त्यामुळे कुकर फुटत नाही. ही बुच कंपनीचीच घाला. डुप्लिकेट बुच दिसायला सारखीच असते, पण ती कधी वितळेल हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

इलेक्ट्रिक वस्तूची पिन बघा. दोन चपट्या पात्यांची पिन असेल तर वस्तू आपल्या बाजारासाठी बनलेलीच नाही. विकणारा सोबत एक अडॅप्टर देतो, तो सैल बसतो आणि तिथेच ठिणग्या पडतात. पाठीवर व्होल्ट वाचा. ११० लिहिलं असेल तर आपल्या २३० वर ती जळेल. आणि दुकानात लावून दाखवायला सांगा. पाच मिनिटं चालू ठेवा, वायरीला आणि पिनेला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर नको.

सहावी पायरी: ऑनलाइन घेताना

किमतीच्या खाली विक्रेत्याचं नाव असतं, ते दाबा. पत्ता दिसायला हवा. वस्तूच्या माहितीत ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ची ओळ शोधा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आयात मालाची ती द्यावीच लागते. तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर असतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून वस्तू चालू करेपर्यंत एका दमात. परदेशी साइटवरून थेट मागवायच्या फंदात नव्या माणसाने पडू नये. सीमाशुल्क वेगळं भरावं लागतं, आणि भांडायला इथे कुणीच नसतं.

सातवी पायरी: बिल, आणि बिघडल्यावर काय

कच्च्या चिठ्ठीवर घेऊ नका. पक्क्या बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक असतो, १५ अक्षर-आकड्यांचा, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा. बिलावर नुसतं ‘इलेक्ट्रिक सामान’ न लिहिता कंपनी, मॉडेल आणि असेल तर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी कार्डावर तिथेच शिक्का मारून घ्या. बिलाची शाई दोन-तीन महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा आणि आईला किंवा बाबांना पाठवून ठेवा. स्वतःचा फोन हरवतो, आईच्या फोनमधला फोटो राहतो. खोक्यावरच्या त्या स्टिकरचाही फोटो काढा. खोकं आपण टाकून देतो आणि आयातदाराचं नाव त्याच्याबरोबर जातं.

वस्तू बिघडली की आधी दुकानदाराकडे जा, शांतपणे बोला. पुण्यातला जुना दुकानदार तोंडाने फटकळ वाटला तरी बिल दाखवलं की सहसा मागे फिरत नाही. तिथे झालं नाही तर बनवणाऱ्याला किंवा आयातदाराला लेखी कळवा, ईमेल किंवा मेसेज, म्हणजे पुरावा राहतो. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे विकणारा दिल्लीचा असला तरी तुमची तक्रार पुण्यात चालते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची. खोटा आयएसआय सापडला तर त्याच बीआयएस केअर ॲपवरून कळवा. तुम्ही कळवलंत तर पुढच्या कुणाची तरी भिंत काळी व्हायची वाचेल.

आणि कुकरची रिंग बदलायला याल तेव्हा जुनी रिंग आणि झाकण दोन्ही सोबत आणा. ‘पाच लिटरचा आहे’ एवढ्यावर रिंग देता येत नाही. एकाच मापाच्या, आतून बसणाऱ्या आणि बाहेरून बसणाऱ्या झाकणांच्या रिंगा वेगळ्या असतात.